मास्तरांचं स्वतःचं वाक्य

रुग्णालयातून निरोप नेहमीसारखाच आला होता. वॉर्ड सहा, खाट चौदा, पुरुष, वय सत्तर, दुभाषी हवा. भाषेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पलीकडची’. समुद्राच्या पलीकडून आमच्याकडे लाकडाच्या वखारीत, बंदरावर, बांधकामावर माणसं येतात. त्यांच्या बोलीला सगळे पलीकडचीच म्हणतात. तिचं खरं नाव सरकारी कागदांवर असतं, आणि तिथेही ते निम्म्या वेळा चुकलेलं असतं. मी वही घेतली, पेन चालतंय का ते बघितलं आणि निघाले. सत्तरीचा माणूस अजून वखारीत काय करत असेल, एवढाच विचार वाटेत मनात होता.

पडदा बाजूला केला तर खाटेवर मास्तर.

क्षणभर मला वाटलं, मीच चुकीच्या खाटेशी आले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी मला ही भाषा शिकवली, हा धंदा शिकवला, ते मास्तर उशीला टेकून बसले होते. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली, उजवा हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखा चादरीवर. शेजारी स्टुलावर त्यांची बायको, आमच्या काकू, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या.

“बघ ना गं काय होऊन बसलंय,” काकू म्हणाल्या. “काल दुपारी जेवताना हातातला घास पडला. तेव्हापासून बोलतायत ते असं. एक अक्षर कळत नाही मला. नर्स विचारायला लागली, भाषा कुठली? मी म्हटलं, त्यांची कामाची असेल. म्हणून तुला बोलावलं त्यांनी.”

डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण त्यांनी नीट सांगितलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. त्यात घरची भाषा गेली होती आणि मागाहून शिकलेली राहिली होती. असं क्वचित होतं म्हणे. कुणाचं काय जाईल आणि काय राहील, ते आधी सांगता येत नाही. गेलेली भाषा परत येईलही, येणारही नाही. आत्ता आपलं बोलणं त्यांना समजतंय की नाही, तेही नक्की कळत नव्हतं.

“म्हणजे माझ्याशी बोलायची तेवढी गेली?” काकूंनी विचारलं.

डॉक्टर हातातल्या फायलीत बघत राहिले. मला त्यांचा राग आला, पण त्या जागी मी तरी काय बोलले असते?

मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. स्वतः ते आठवीत शाळा सोडून वखारीत लागले होते. वजनकाट्याशी उभं राहायचं आणि आलेल्या ओंडक्यांचं वजन चिठ्ठीवर लिहायचं, हे काम. तिथे पलीकडचा एक म्हातारा सुतार होता. त्याला जेवायच्या सुट्टीत बोलायला माणूस लागायचा, आणि मास्तरांना जगातल्या प्रत्येक गोष्टीला काय म्हणतात ते विचारायची खोड. जमलं दोघांचं. एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात मास्तरांना त्या भाषेचं एक पुस्तक सापडलं. पहिली चाळीस पानं फाटून गेलेली. त्यामुळे मास्तरांची भाषा एकेचाळिसाव्या पानापासून सुरू झाली. ‘माल ओला निघाला’ आणि ‘तक्रार कुणाकडे करावी’ हे त्यांना आधी आलं. ‘तुम्ही कसे आहात’ पाच वर्षांनी. पहिल्या चाळीस पानांत काय असतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. नमस्कार, माझं नाव, माझी आई, माझी बायको, हे माझं घर. हे सगळं मास्तरांनी नंतर इकडून तिकडून गोळा केलं. पुस्तकातले ते धडे त्यांनी कधी केलेच नाहीत. त्याचं त्यांना काही वाटतही नसे. उलट आम्हाला सांगायचे, “नमस्कार न येता माणूस जगतो. तक्रार न येता मरतो.”

ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. वखारीत एकाच्या पायावर ओंडका आला. त्याला दवाखान्यात नेलं, तिथे त्याचं कुणाला कळेना आणि डॉक्टरांचं त्याला. तो नको नको म्हणत पाय सोडवत होता आणि लोक त्याला दाबून धरत होते. मास्तर चिठ्ठ्यांचं पुस्तक खिशात कोंबून धावत गेले आणि दोघांच्या मधे उभे राहिले. तो इतकंच सांगत होता की ज्या औषधाने माझा भाऊ गेला ते मला टोचू नका. त्या दिवसापासून मास्तरांना आधी दवाखान्याने, मग कामगार कचेरीने, मग कोर्टाने बोलवायला सुरुवात केली. वजनकाटा सुटला. संध्याकाळी कचेरीच्या पडवीत ते आम्हा सात-आठ जणांना भाषा शिकवायचे, तिथे त्यांना मास्तर हे नाव पडलं आणि मग तेच चिकटलं.

आमच्या धंद्याबद्दल लोकांना वाटतं, दोन भाषा आल्या की झालं. इथलं तिथे टाकायचं, तिथलं इथे. मला हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मास्तरांनी पहिले सहा महिने मला तोंड उघडू दिलं नव्हतं. आधी बसायला शिकवलं. खुर्ची दोघांच्या मधे, पण अर्धा फूट मागे. नजर जमिनीवर. बोलणाऱ्याकडे बघायचं नाही आणि ऐकणाऱ्याकडे तर मुळीच नाही. आपण डोळ्यांत बघितलं की ते आपल्याशी बोलायला लागतात, त्यांचं एकमेकांशी बोलणं तिथे संपतं. आणि बोलायचं ते कायम ‘मी’ म्हणून. ‘तो म्हणतो की त्याचं पोट दुखतंय’ असं नाही. ‘माझं पोट दुखतंय.’ काढायचं नाही, घालायचं नाही. दिवस संपला की वहीचं पान फाडायचं, चार तुकडे करायचे, खिशात टाकायचे. ऐकलेलं तिथेच विसरायचं.

एकदा नवीन न्यायाधीशांसमोर एका आरोपीने न्यायाधीशांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तरांनी जमिनीकडे बघत, त्याच शांत आवाजात, एकही शिवी न गाळता सगळं सांगितलं. न्यायाधीश लालबुंद झाले आणि म्हणाले, “तुमची हिंमत कशी झाली?” मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, शिव्या त्याच्या. माझा फक्त आवाज.” पुढे तेच न्यायाधीश दुसरा कुणी दुभाषी आला की सुनावणी पुढे ढकलायचे.

या सगळ्यात मास्तरांचं स्वतःचं असं एकच वाक्य होतं. काम सुरू व्हायच्या आधी, समोर जो कुणी भेदरलेला बसला असेल त्याला ते त्याच्या भाषेत सांगायचे, “घाबरू नका. सावकाश बोला. मी इथेच आहे.” आरोपी असो, बाळंतीण असो, रजेसाठी रडणारा मजूर असो, सगळ्यांना हेच आणि एवढंच. यातला ‘मी’ तेवढा मास्तरांचा स्वतःचा. त्यानंतर दिवसभर जो ‘मी’ त्यांच्या तोंडून निघायचा तो दुसऱ्या कुणाचा असायचा. तीस-पस्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे. मीसुद्धा तेच म्हणते, तेवढं मी त्यांच्याकडून जसंच्या तसं उचललं.

घरी मात्र मास्तर अगदी मुके. चपला दाराबाहेर तशी ती भाषा दाराबाहेर, आणि तिच्याबरोबर बाकीचं बोलणंही. ‘दिवसभर बोलून आलोय’ एवढं म्हणायचे आणि खिडकीशी बसायचे. काकू शिवणकाम करायच्या. मशीन चालायचं, खिडकीशी मास्तर, आणि मधे लेक अभ्यास करत बसलेली. ती मोठी होऊन लग्न करून लांब गेली तेव्हा घरात फक्त मशीनचा आवाज उरला. काकूंनी मला एकदा सांगितलं होतं, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी त्या हौसेने म्हणाल्या होत्या, “मलाही शिकवा ना ती पलीकडची.” मास्तर म्हणाले, “तुला काय करायचीय?” झालं. नंतर शेजारणी चिडवायच्या, तुझ्या नवऱ्याचा जीव पलीकडचीतच गुंतलाय म्हणून. काकू हसायच्या. कपडे भिजवताना खिशात ते कागदाचे तुकडे सापडायचे, ते जोडून बघायच्या. मास्तर वहीत स्वतःच्याच खुणांनी लिहायचे, त्या आम्हालाही लागायच्या नाहीत, काकूंना काय लागणार!

मास्तरांवर माझा जीव होता, तरी हे मला कधी पटलं नाही. जगातल्या कुणाही माणसाशी बोलायला हा माणूस मधे उभा राहायचा आणि घरात स्वतःच्या बायकोशी बोलायला याला वेळ नव्हता. पण तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती. आता बोलून उपयोग नव्हता.

तर, वॉर्ड सहा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला आत्ता काय होतंय?” मी तो पलीकडचीत विचारला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती त्या बघण्यात. मग ते बोलायला लागले. जीभ जड झालेली, पण वाक्य अखंड. सवयीने माझी नजर जमिनीवर गेली आणि सवयीनेच मी सांगायला लागले, “मला दोन मुलं आहेत. धाकटा आजारी आहे. मुकादमाने रजा दिली नाही, म्हणून मी न सांगता गेलो.”

“दोन मुलं?” काकू स्टुलावरून उठल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “कुठली दोन मुलं? आपल्याला तर एकच.”

मला क्षणभर वेळ लागला. मग आठवलं. कामगार कचेरी, मी नुकती शिकायला लागले होते, मास्तरांच्या मागे स्टूल टाकून बसले होते. वखारीतला एक उंच माणूस टोपी हातात चुरगळत हे सांगत होता. हेच, याच शब्दांत.

“काकू, बसा. ही त्यांची मुलं नाहीत. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे.”

ते त्यांना समजावताना मलाही पुरतं समजलं. जन्मभर मास्तर लोकांचा ‘मी’ बोलत आले. पानं फाडली, तुकडे केले, विसरलो म्हणाले. विसरलं काहीच नव्हतं. आता त्यांचं स्वतःचं सगळं गेलं होतं आणि लोकांचं तेवढं मागे उरलं होतं.

पुढचे दिवस मी काम आटपलं की चार वाजता भेटीच्या वेळेला जायचे. लेक येऊन चार दिवस राहून गेली, तिला आणखी राहणं शक्य नव्हतं. काकू सकाळपासून तिथेच असायच्या. मास्तर बोलत असायचे आणि मी सांगत असायचे. “दरवाजा उघडाच होता, साहेब.” “मला परत पाठवू नका.” “डाव्या कुशीत कळ येते.” डॉक्टरांनी कूस दाबून बघितली, रक्त तपासलं, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, “कालपासून बाळ पोटात फिरत नाहीये.” सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या तोंडून ते ऐकून नर्सला हसू फुटलं. मला ती बाई आठवत होती. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर होती ती, आणि ते बाळ नंतर फिरलं नाहीच.

“म्हणजे यांचं खरं कुठलं मानायचं?” डॉक्टर वैतागून म्हणाले.

“सगळं खरंच आहे,” मी म्हटलं. “फक्त त्यांचं नाहीये.”

डॉक्टरांना ते पटलं की नाही कोण जाणे. त्यानंतर मास्तर ‘दुखतंय’ म्हणाले की ते प्रत्येक वेळी उठून यायचे, एवढं मात्र खरं.

आठव्या-नवव्या दिवशी काकूंनी मला बाहेर जिन्याशी बोलावलं. जिन्याच्या खिडकीतून खाली रुग्णालयाची धुलाईची जागा दिसायची, ओल्या चादरी एकीला एक लागून वाळत घातलेल्या. काकू तिकडे बघत होत्या.

“एक सांगू का तुला?” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलले असतील नसतील. मी मनाला लावून घेतलं नाही. म्हटलं, निवृत्त झाले की बोलतील. निवृत्त झाले, तरी खिडकीशीच. आता बघ, दिवसभर बोलतायत. अगदी तोंडाला कुलूप नाही. आणि मला एक शब्द कळत नाही.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका येईल. तो आला की संपलं. त्याआधी माझ्यासाठी म्हणून काही बोलले, एकच वाक्य, तर मला सांग. बाकीच्यांचं राहू दे आता. ऐकून ऐकून डोकं भणभणलं माझं. माझं एक असेल ना गं त्यात?”

मी “असेल” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून मी शोधायलाच बसले. मास्तर बोलले की मनात निवडायचे. हे कोर्टातलं. हे बंदरावरच्या अपघाताचं. हे कुठलं आठवत नाही, पण यात ‘ठेकेदार’ आहे म्हणजे घरचं नाही. तांदळातले खडे वेचावे तसे मी वेचत होते, आणि ताटात सगळे खडेच होते. काकू माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी मान हलवली की पुन्हा पिशवीशी चाळा करायच्या. मला त्या चार वाजण्याची धास्ती वाटायला लागली.

मग तो दिवस आला. काकू मास्तरांना चमच्याने पेज भरवत होत्या. दोन चमचे घेतले आणि मास्तरांनी तोंड फिरवलं. मग पुन्हा वळले, काकूंच्या चेहऱ्याकडे चांगलं निरखून बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बघितलं असं. काकूंचा हात तसाच हवेत राहिला. आणि मास्तर स्वच्छ आवाजात पलीकडचीत म्हणाले, “मी या बाईला ओळखत नाही.”

“काय म्हणाले?” काकू एकदम माझ्याकडे वळल्या. “माझ्याकडे बघून म्हणाले. मला म्हणाले ना? सांग की!”

पंचवीस वर्षांत मी कधी घातलं नव्हतं आणि कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी माझा धीर सुटला. मी काकूंकडे बघितलं आणि म्हटलं, “म्हणाले, तू थकलीस फार.”

काकूंचा चेहरा उजळला. आणि पुढच्याच क्षणी विझला. त्यांनी वाटीत चमचा ठेवला.

“हे तू घातलंस,” त्या म्हणाल्या.

“नाही हो काकू.”

“सांगताना तू खाली बघतेस. तेही तसेच बघायचे, मी दोनदा कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले होते, त्यांना सांगितलं नव्हतं कधी. इतके दिवस तू खाली बघून सांगतेस. आत्ता माझ्या डोळ्यांत बघितलंस.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “काय म्हणाले ते सांग. जसं आहे तसं.”

मी जमिनीकडे बघितलं. फरशीवर पेजेचा एक थेंब पडला होता. “मी या बाईला ओळखत नाही,” मी म्हटलं.

“हे कुणाचं आहे?”

“असेल कोर्टातलं. साक्षीदार म्हणतात असं पुष्कळदा.”

“तुला आठवतंय का, कुठलं ते?”

“नाही, काकू. मला खरंच ठाऊक नाही.”

काकूंनी वाटी उचलली. मास्तरांचं तोंड पुसलं. उरलेली पेज त्यांनी भरवून संपवली, चमच्याने, एकेक घास, आणि मधे मधे ‘हं, आ करा’ म्हणत राहिल्या. मला ते बघवेना. मी निघाले तेव्हा त्या पाठीमागून म्हणाल्या, “ओळखत नसतील, तर ओळख करून द्यायला हवी. उद्या येताना ते पुस्तक आण. फाटलेलं नको. पहिली पानं असलेलं आण.”

मी माझ्या शिकवणीचं पुस्तक नेलं. त्यात उच्चार आपल्या लिपीत दिलेले आहेत. पहिल्या पानावर चित्र आहे, एक पुरुष, एक बाई, एक घर. काकूंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. सदुसष्टाव्या वर्षी त्या भाषेतले घशातून काढायचे आवाज त्यांना जमेनात. आधी म्हणताना ठसका लागायचा, मग स्वतःवरच चिडायच्या. जिन्याच्या खिडकीशी उभं राहून आम्ही घोकायचो. येणारे जाणारे बघायचे. तीन दिवसांत दोन वाक्यं झाली. मी म्हटलं, एवढी घाई कशाला, जमेल हळूहळू. काकू म्हणाल्या, “हळूहळू करायला वेळ होता तेव्हा ‘तुला काय करायचीय’ म्हणाले ना.” या सगळ्या काळात मास्तरांवर रागावून त्या एवढंच बोलल्या.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तरांना नीट बसवलं होतं. ऊन पायाशी आलं होतं. काकूंनी केस विंचरले होते, साडीही चांगली नेसल्या होत्या. त्या स्टूल पुढे ओढून अगदी समोर बसल्या आणि मास्तरांचा डावा हात हातात घेतला. मी मागे, पडद्याशी. मनात तीच दोन वाक्यं घोकत होते, माझीच परीक्षा असल्यासारखी.

काकू बोलल्या. अडखळत, घशातल्या आवाजाशी झटत, पण बोलल्या. पलीकडचीत. मी तुमची बायको. मी इथे आहे.

मास्तरांनी ऐकलं. कपाळावर आठी पडली. मग त्यांची नजर हळूच खाली गेली. काकूंच्या तोंडावरून, हातावरून, खाटेच्या कडेवरून खाली फरशीपर्यंत गेली आणि तिथे थांबली. पाठ थोडी सरळ झाली. त्यांच्या कामाच्या आवाजात, आपल्या भाषेत, घरच्या भाषेत, मास्तर म्हणाले, “मी तुमची बायको. मी इथे आहे.”

काकूंनी तोंडावर हात दाबून धरला. अठरा दिवसांनी मास्तरांच्या तोंडून आपली भाषा निघाली होती. आणि मला रडू कोसळलं, कारण मला कळलं होतं ते काय करत होते. समोर कुणी बाई पलीकडचीत काही बोलली होती, आणि ते तिचं बोलणं सांगत होते. काढलं नाही, घातलं नाही. कुणाला सांगत होते? कुणालाच नाही. मधे अर्धा फूट मागे बसून, समोर जो कुणी साहेब असेल त्याला.

मग त्यांनी मान वर केली. त्यांना समोर एक घाबरलेली बाई दिसली असणार, डोळे भरलेली. मास्तरांचा चेहरा मऊ झाला. ते पलीकडचीत हळू आवाजात तिच्याशी काही बोलले, आणि तिच्या हातावर स्वतःच्या चांगल्या हाताने थोपटलं. मग थकून डोळे मिटले.

“आता काय म्हणाले?” काकू माझ्याकडे वळल्या. “हे कुणाचं? हे पण कुणाचं तरीच का गं?”

हे कुणाचंच नव्हतं. त्यांचं स्वतःचं एकुलतं एक वाक्य होतं ते. हजारो लोकांना सांगितलेलं, जो कुणी भेदरून समोर बसेल त्याला सांगितलेलं. काकू त्या हजारोंतल्या आणखी एक होत्या. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी जमिनीकडे बघितलं. नीट, मास्तरांनी शिकवलं होतं तसं. “घाबरू नकोस. सावकाश बोल. मी इथेच आहे,” मी म्हटलं.

“मला म्हणाले?”

मी नजर वर केली नाही. फरशीकडे बघतच म्हणाले, “हो काकू. तुम्हालाच.”

काकूंनी बराच वेळ माझ्याकडे निरखून बघितलं असावं. मग त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

दुसरा झटका त्यानंतर सहा दिवसांनी आला. लोक भेटायला आले की काकू त्यांना सांगतात, शेवटी मला ओळखलं हो, मला म्हणाले, घाबरू नकोस. पुस्तक त्यांनी मला परत दिलेलं नाही. मीही मागितलेलं नाही. मी अजून कामावर जाते, खुर्ची अर्धा फूट मागे घेते, नजर खाली ठेवते. फक्त समोरच्याला ते पहिलं वाक्य सांगणं आता मी सोडून दिलं आहे. ते काकूंना देऊन झालंय.